श्री. लेन्स एरर यांस अनावृत पत्र

प्रति,
श्री. लेन्स एरर,
मु. पो. अडीच इंची पडदा, खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा.

स. न. वि. वि.

वेळ साधावी तर आपणच. कॅमेरा कपाटातून काढून उगाच चालूबंद करून पाहावा, तर आपला पत्ता नसतो. मंगलाष्टके संपत आली, अंतरपाट हलू लागला, अक्षता घेतलेले हात वर गेले, की भिंगाची नळी अर्धी बाहेर येते, टर्रर्र असा आवाज करते आणि आपण प्रकट होता : ‘लेन्स एरर, रिस्टार्ट कॅमेरा.’ आज्ञा पाळून रिस्टार्ट करावा, तर पुन्हा आपणच. सरकारी कचेरीत ‘उद्या या’ म्हणणारा बाबू निदान उद्या रजेवर तरी असतो.

आपल्याला खरोखरच काही ठाऊक नसते, तर हे पत्र लिहिले नसते. अडाण्यावर कोण रागावतो? पण आपल्याला पुष्कळ ठाऊक असते, आणि भांडण त्याचेच आहे. झूमची नळी म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन-तीन नळ्या. त्यांना फिरवते एक चिमुकली मोटर, आणि मोटर व नळी यांच्यामध्ये प्लास्टिकच्या दातेरी चक्रांची माळ. मोटर फिरू लागली की एक छोटी चकती प्रकाशाचा झोत अडवत-सोडत राहते; त्या उघडझापीवरून नळी कुठवर आली याचा हिशेब आत ठेवला जातो. नळी पूर्ण आत गेली की नाही, हे पाहणारा सेन्सर वेगळा. ठरल्या वेळात हिशेब जुळला नाही, तर मोटर थांबते. हे शहाणपणाचेच, रेटत राहिली तर चक्रांचे दाते मोडतील. इथवर आपल्याविषयी आदर आहे.

पण नळी जागची हललीच नाही, की अर्ध्यावर अडकली, की ऐटीत बाहेर आली आणि आतले फोकसचे भिंग तेवढे जागेवर बसेना, हा फरक आतल्या सेन्सरांना कळतो. नळी हललीच नसेल, तर मोटर किंवा तिची पट्टीसारखी केबल संशयित. अर्ध्यावर अडली असेल, तर बहुधा अलिबागच्या किनाऱ्यावरचा वाळूचा कण दोन नळ्यांच्या फटीत बसलेला. आपण सगळ्यांना एकाच वाक्यात गुंडाळता. हे मौन नेमके कोणाच्या सोयीचे?

आमच्या नाही, एवढे नक्की. कारण मग घरोघरी उपचार सुरू होतात. बॅटरी आणि कार्ड काढून कॅमेरा थोडा वेळ तसाच ठेवायचा. नंतर भिंग जमिनीकडे धरून चालू करायचा, म्हणजे वजनाने नळी उतरेल आणि कण गळेल. ब्लोअरने फटीत हवा मारायची. कागदाची पातळ पट्टी नळीभोवती हलकेच फिरवायची. यांत थोडीफार अक्कल तरी आहे. पण प्रत्येक घरात एक काका असतात, ते कॅमेरा तळहातावर आपटतात. आणि एक भाचा असतो, तो चष्म्याचा स्क्रूड्रायव्हर आणतो. त्या भाच्याला कोणी सांगितलेले नसते, की फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट साठलेले असू शकतात आणि बॅटरी काढली म्हणून ते लगेच जात नाहीत. ‘आत हात घालू नका’ हा इशारा देण्यासाठी पडद्यावर जागा भरपूर होती.

शेवटी सर्व्हिस सेंटरचे काउंटर. तिथे निदान एकच : लेन्स युनिट बदला. दाता मोडलेला एक, बदलायचे अख्खे युनिट, आणि अंदाजपत्रक असे की नवीनच घ्या, हे त्यांना तोंडाने सांगावे लागत नाही. मुंबईच्या बोरा बाजारातला एखादा कारागीर मेलेल्या कॅमेऱ्यातले चक्र काढून जिवंत कॅमेऱ्यात बसवील. पण नळीने कुठे दम सोडला हे त्यालाही उघडल्यावरच कळणार. आपण एक आकडा दाखवला असता, तर त्याचा अर्धा दिवस वाचता.

सांगायचे मनात असले की सांगता येते. २००५ च्या अखेरीला सोनीने बनवलेल्या काही सीसीडी सेन्सरांतला दोष उघड झाला. उष्ण, दमट हवेत त्यांच्या आतली जोडणी सुटायची आणि चित्र जांभळे, वेडेवाकडे किंवा थेट काळे यायचे. म्हणजे आमचा कोकणचा पावसाळा त्यांना सोसवेना. हे सेन्सर अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत होते. सोनी, कॅनन, निकॉन, फुजी यांनी मॉडेलांच्या याद्या लावल्या, लक्षणे लिहिली, वॉरंटी संपली असली तरी फुकट दुरुस्ती देऊ केली. तिथे पडद्यावर आपल्यासारखा कोणी संदेशवाहकही नव्हता.

आता तर प्रकरण आणखी अवघड. जपानच्या कॅमेरा उद्योगसंघटनेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, त्यांत बहुतांश आपल्या घराण्यातले. २०२३ मध्ये असे छोटे कॅमेरे वीस लाखांनाही पोहोचले नाहीत. आणि नेमक्या याच काळात कॉलेजातल्या पोरी आईच्या कपाटातला ‘डिजिकॅम’ शोधून काढतात, कारण फोनचे फोटो त्यांना फार गुळगुळीत वाटतात. जुन्या युनिटचे सुटे भाग संपत आले, कारागीर पांगले. म्हणजे या पिढीला भेटणार फक्त आपण.

तेव्हा एवढेच करा : हललीच नाही, १. अर्ध्यावर अडली, २. फोकस बसेना, ३. समजावून सांगू नका, आकडा टाका. पुढचे कारागीर पाहून घेईल.

आपला,
अर्ध्या नळीचा धनी

ता. क. : आपले बंधू ‘कार्ड लॉक्ड’ मध्यंतरी मुक्कामाला होते. एसडी कार्डाच्या कडेची ती खिटी कार्डाच्या आत काहीच बंद करत नाही. ती कुठे आहे एवढेच कॅमेऱ्यातली कळ चाचपून पाहते. खिटी तुटून पडली, की कार्ड कायमचे कुलूपबंद ठरते. रिकाम्या खाचेवर चिकटपट्टीचा तुकडा लावला, बंधू निघून गेले. पट्टी मात्र पातळ हवी. जाड लावली तर कार्ड आतच अडकते, आणि त्याबद्दल आपल्या खानदानातले कोणीही काही बोलत नाही.