गाडी लागेपर्यंत

प्रवासवर्णनात खाण्याची जागा आली की लेखकाची जीभ सैल सुटते. मग तिथल्या मिसळीला तोड नसते, तसा वडा त्रिभुवनात मिळत नाही, आणि मसाल्याची कृती मालकाच्या आजीनं शेवटच्या घटकेला सुनेच्या कानात सांगितलेली असते. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांतल्या हॉटेलांबद्दलही असं बरंच बोललं जातं. त्यातलं निम्मं खरं धरलं तरी एक अडचण उरते. इथला बटाटावडा बटाट्याचाच असतो, उसळ वाटाण्याचीच असते आणि चहात साखर सढळ असते. म्हणजे महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतं तेच. तरीही सकाळी पेणच्या स्टॅण्डसमोर बसायला बाकडं मिळत नाही. याचं कारण भटारखान्यात शोधून सापडणार नाही. ते बाहेर फलाटावर आहे. या भागातलं हॉटेल चवीवर चालत नाही, खोळंब्यावर चालतं. माणूस अडकतो म्हणून बसतो, बसतो म्हणून खातो, आणि चार वर्षं रोज तिथेच अडकला की छातीठोकपणे सांगू लागतो, अशी मिसळ दुसरीकडे नाही.

या दृष्टीनं पेण हे आदर्श गाव. एसटीच्या रायगड विभागाचा कारभार पेणच्या रामवाडीतून चालतो. अलिबाग, पनवेल, खोपोली, रोहा अशा चारी दिशांच्या गाड्या इथे मिळतात किंवा इथे बदलाव्या लागतात. गाडी बदलणं म्हणजे पहिलीतून उतरणं आणि दुसरी अजून न लागणं. या मधल्या वेळाला वेळापत्रकात रकाना नाही. तो हॉटेलवाल्यानं आखला आहे. त्याचे डोळे गल्ल्यावर आणि कान फलाटावर असतात. "अलिबाग लागली!" ही बातमी चौकशीच्या खिडकीआधी त्याच्या तोंडून फुटते आणि अर्धं हॉटेल एका दमात रिकामं होतं. मागे उरतात ते रोह्याचे. इथे चहा बशीत ओतून पिणारे अजून दिसतात. शहरी माणूस त्याला गावंढळपणा समजतो, पण तो निव्वळ हिशेब आहे: कपातला चहा निवेपर्यंत गाडी हलते, बशीतला निवेपर्यंत हलत नाही. वड्याचंही तेच. तो पावात घालून, चटणी फासून, कागदात गुंडाळून हातात पडेपर्यंत ड्रायव्हर चढून बसलेला असतो. म्हणून जाणतं गिऱ्हाईक पैसे आधी देतं, तेही सुटे. पाचशेची नोट काढणारा परगावचा, हे साऱ्या हॉटेलाला तत्क्षणी कळतं.

कुणी म्हणेल, स्टॅण्ड काय सगळ्याच गावांना असतो. असतो; पण पेणला खोळंब्याचा जोडधंदाही आहे. कासार आळी, कुंभार आळीत आणि तालुक्यात हमरापूर, जोहे या गावांत गणपतीचे कारखाने आहेत. आता या धंद्याची सगळी गंमत अशी की मूर्ती लागते भाद्रपदात, आणि कामाची खरी घाई येते आषाढ-श्रावणात, म्हणजे कोकणातली हवा पिळून बादली भरावी अशा दिवसांत. शाडू वाळायला ऊन मागतो आणि ऊन तर महिनाभर रजेवर. मूर्ती वाळेपर्यंत रंग देता येत नाही, रंग वाळेपर्यंत आखणी करता येत नाही. डोळ्यांची आखणी चालू असते तेव्हा कारागीर श्वाससुद्धा बेतानं घेतो, आणि किटली घेऊन आलेला पोऱ्या तो डोळा पुरा होईपर्यंत उंबऱ्याशी उभा राहतो. मुंबईहून टेम्पो घेऊन आलेले मंडळाचे कार्यकर्ते तोवर आळीच्या तोंडाशी भजी खात असतात. देवाला घाई करता येत नाही आणि कारागिराला करून उपयोग नसतो. मग घाणा निघतो. विघ्नहर्त्याच्या गावात विघ्नावर पोट भरणारा एक धंदा भरभराटीला यावा, यात देवाचीही संमती असावी.

वडखळच्या आसपास उतरून खारेपाटात शिरलं की सिद्धांताला आणखी बळकटी येते. वढाव, भाल, दादर, रावे ही गावं नकाशात मुख्य भूमीला नीट चिकटलेली आहेत, पण उधाणाच्या रात्री नकाशावर कुणी विश्वास ठेवत नाही. बांधाच्या एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्राच्या पातळीशी बरोबरी करणारी भातशेती, आणि मध्ये मातीचा बांध. बांधाला खांड गेली की खारं पाणी शेतात आणि गाव बेटावर. सभोवार इतकं पाणी असून प्यायला मात्र मारामार. पेण तालुक्यातल्याच हेटवण्याच्या धरणाचं पाणी नवी मुंबईकडे जातं आणि खारेपाटातल्या बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. म्हणजे इथला माणूस एकाच दिवशी पाणी येऊ नये म्हणून आणि पाणी यावं म्हणून, अशी दुहेरी वाट बघू शकतो. खांडीची तक्रार करायला खारभूमी खात्याकडे पेणला यावं लागतं. साहेब साइटवर गेलेले असतात. साइट म्हणजे बहुधा दुसऱ्या गावची खांड. ते येईपर्यंत बसायचं कुठे, हा प्रश्न विचारायची गरज नाही. एका खांडीपाठी पेणच्या हॉटेलांत किती चहा खपतो याचा हिशेब कुणी ठेवत असेल तर तो सरकारी नुकसानभरपाईच्या पंचनाम्यापेक्षा लवकर तयार होत असणार.

इथे खवय्यांचा आक्षेप येतो, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ते म्हणतात, पेणचे पोहे, पेणचे पापड, मिरगुंडं, खारेपाटातला जिताडा, थंडीतली पोपटी, ही काय खोळंब्याची करामत आहे? ही चवच आहे. अगदी मान्य, फक्त यातली एकही गोष्ट स्टॅण्डसमोरच्या हॉटेलात बशीत येत नाही. पापड आणि मिरगुंडं पुडक्यातून मुंबईला जातात. जिताडा खारेपाटातल्या तळ्यात वाढतो, पाहुण्याच्या पानात पडतो, आणि रुळलेल्या लोकसमजुतीनुसार अडलेलं काम सुटावं म्हणून साहेबाच्या घरी पोचतो. म्हणजे त्याचंही नातं शेवटी खोळंब्याशीच. पोपटी तर पुरती आमच्याच बाजूची साक्षीदार. भात कापून झाला, वालाच्या शेंगा भरल्या की मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर शेंगा, ओवा, खडेमीठ, असली तर अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी. तोंडाशी पुन्हा पाला दाबून मडकं शेतात उपडं करायचं आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. पुढचा अर्धा-पाऊण तास करण्यासारखं काही नसतं. माणसं जाळाभोवती उभी राहून एकमेकांच्या शेताची, सुनांची आणि सरपंचाची मापं काढतात. मध्येच कुणी मडक्यावर पाण्याचा हबका मारतो; चर्र करून पाणी लगेच उडालं तर झाली, नाही तर सरपंचाचं उरलेलं पुढे चालू. तेल नाही, पाणी नाही. या पाकात मुख्य जिन्नस वेळ आहे. आणि चवीचाच फार आग्रह असेल तर याच पेण तालुक्यात, गागोद्याला, 1895 साली विनोबा जन्मले आणि अस्वादाचं व्रत पाळून राहिले, हेही ध्यानात घ्यावं. तालुक्यानं आपलं मत नोंदवून ठेवलं आहे.

दुसरा आक्षेप हमरस्त्यावरून येतो, आणि आला तसा अडकून पडतो. मुंबई-गोवा महामार्गाचा क्रमांक 17 चा 66 झाला. पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटरांच्या रुंदीकरणाला 2011 मध्ये हात लागला. आणि पुढची कित्येक वर्षं दर गणपतीच्या आधी खड्डे बुजवण्याची तारीख जाहीर होत राहिली. या काळात वडखळ नाक्यावर अडकलेल्या गाड्यांच्या काचांवर शेंगदाणे, काकड्या आणि वडापाव टकटक करत. आक्षेप असा की हॉटेलं खोळंब्यावर चालत असतील तर रस्ता सुधारला, बाह्यवळण झालं, की ती बसलीच म्हणून समजा. यातलं अर्धं घडलंही आहे. वाटसरूच्या खोळंब्यावर जगणारं दुकान वळणाबरोबर वळतं, नाही तर बंद पडतं, आणि यात नवल नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे साहेबलोक महाबळेश्वरला जाताना बोटीनं नागोठण्याच्या बंदरात उतरत आणि तिथून पालखीनं पुढे जात. बोट भरतीच्या तंत्रानं चालायची, म्हणजे नागोठण्याला खोळंबा ठरलेला. घाटातून रेल्वे झाली, साहेबानं वाट बदलली आणि नागोठण्याचा तो रुबाब ओसरला. हमरस्त्यावरच्या एका नावाजलेल्या हॉटेलाचं नाव 'क्षणभर विश्रांती' आहे. पण चारचाकीतून उतरलेलं कुटुंब एकदा थालीपीठ मागवून बसलं की त्या क्षणाचा तास होतो. तो तास त्यांनी स्वखुशीनं दिलेला असतो, त्यामुळे तो खोळंब्याच्या खात्यात धरता येत नाही. वाटसरूचा खोळंबा रस्त्याचा असतो. गावकऱ्याचा खोळंबा आयुष्याचा असतो, आणि त्याला बाह्यवळण काढणारा ठेकेदार अजून मिळालेला नाही.

हा फरक पाहायचा तर पेणहून चाळीसेक किलोमीटरवर रोह्याला जावं. रोह्याला मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. 26 जानेवारी 1998 रोजी ती सगळी खुली झाली आणि रोहं एकदम मंगळूरच्या वाटेवर आलं. मात्र लांबच्या बऱ्याच गाड्या इथे थांबतच नाहीत, आणि थांबते ती दिव्याची गाडी इथूनच मागे फिरते. वाट बघणं हा रोहेकराचा हक्क रेल्वेनं अबाधित ठेवला आहे. धाटावच्या एमआयडीसीतला कामगार पाळीआधी कंपनीच्या बसची वाट बघतो. दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी निघते, देवाला पोलिसांची सशस्त्र मानवंदना मिळते, आणि मग आपल्या आळीत पालखी केव्हा येते याची वाट अख्खं गाव बघतं. शेजारच्या कोलाडला तर खोळंबा विकत मिळतो. मुंबईहून पहाटे निघालेली साहसी मंडळी हेल्मेट चढवून कुंडलिकेच्या काठावर येतात, आणि भिऱ्याच्या वीजघराकडून सुटलेलं पाणी नदीत पोचेपर्यंत सगळं साहस पोह्यांच्या बशीवर खर्च होतं. हे सगळे आपापल्या वेळी कुठल्या तरी बाकड्यावर टेकतात. त्यात जो रोजचा, त्याची वही असते. रोह्याशी घरचं नातं असलेले चिंतामणराव देशमुख 1943 साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि देशाच्या नोटांवर त्यांची सही आली. पण गावातल्या हॉटेलात चालते ती वहीच. उधारी हा खोळंबलेला पैसाच. ती देणारा हॉटेलवाला आपल्या गिऱ्हाइकासाठी स्वतःही वाट बघत थांबलेला असतो, आणि फूड कोर्टात नेमकं हेच मिळत नाही.

राहिला शेवटचा आणि सगळ्यात वजनदार आक्षेप. खोळंब्याचं एवढं कौतुक म्हणजे नादुरुस्त रस्ता, न लागणारी गाडी आणि जागेवर नसलेला साहेब यांना चहाच्या वाफेआड लपवणं नव्हे काय? तसं करणारे आहेत. दूरच्या शहरात बसून गावच्या गैरसोयीवर गहिवरण्याचा हा धंदा जुनाच आहे. म्हणून स्पष्ट सांगायला हवं: खांड वेळेवर बुजली पाहिजे, हेटवण्याचं पाणी खारेपाटाच्या हंड्यात आलं पाहिजे, आणि खड्ड्याला सांस्कृतिक वारसा मानण्याचं कारण नाही. खोळंबा घडवला सरकारनं, रेल्वेनं आणि समुद्रानं. हॉटेलवाल्यानं फक्त त्याला बाकडं दिलं, वर पंखा लावला आणि दोन अनोळखी माणसांना एका टेबलावर बसवलं. कौतुक करायचं ते त्या बाकड्याचं. दोन गावची दोन माणसं समोरासमोर बसली की गाडी लागेपर्यंत एकाची सोयरीक दुसऱ्याच्या भावकीत निघते आणि तिसऱ्याच्या जमिनीची मोजणी कुठे अडली आहे तेही कळतं. सगळे खोळंबे उद्या मिटले तर ही माणसं घरी लवकर पोचतील, आणि पोचावीतच. हॉटेलं तेव्हा कमी होतील, तर होवोत. तूर्त तशी धास्ती बाळगण्याजोगं काही दिसत नाही.

म्हणून पेण-रोह्याकडे जाणाऱ्यानं चांगलं हॉटेल शोधताना पाट्या वाचू नयेत आणि मोबाइलवरचे तारेही मोजू नयेत. सरळ तहसील कचेरीच्या दारात जावं. तिथे हातात पिशवी, पिशवीत सातबारा आणि चेहऱ्यावर शांती असलेला माणूस हमखास उभा असतो. त्याच्या मागोमाग निघावं, तो बसेल तिथे बसावं, तो मागवेल ते मागवावं. चहा ऊन असतो, वडा ताजा असतो, आणि काम आज झालं नाही तरी मालक वाईट वाटून घेत नाही. उद्या त्या माणसाला पुन्हा यायचं आहे हे साहेबाआधी त्याला कळलेलं असतं, आणि त्यानं बटाटेही त्याच हिशेबानं उकडायला टाकलेले असतात.