बाद फेरीचे फडणीस

कार्तिकात सराफ्यातील रात्रीच्या बाजारात गराडूच्या कढया चढू लागल्या, की इंदूरच्या मराठी वस्तीत एका विशिष्ट गृहस्थाचा मोसम भरात येतो. हा गृहस्थ रामबागेत निवृत्त प्राध्यापक असतो, लोकमान्यनगरात विमा कचेरीतील माजी हेडक्लार्क असतो, राजवाड्याच्या पिछाडीस त्याचे भांड्यांचे पिढीजात दुकान असते. परंतु वेष, व्यवसाय आणि वय यांचे भेद बाजूला सारले, तर आत एकच प्रकृती वास करताना आढळते, आणि ती म्हणजे मध्य प्रदेशाचा संघ यंदा रणजी करंडकाच्या बाद फेरीत जाणार किंवा कसे, याचा निकाल मैदानावर लागण्यापूर्वी कागदावर लावून ठेवण्याची अनिवार हौस. मी या संप्रदायास फडणीस म्हणतो. कारण दौलत बुडत असतानाही जमेच्या बाजूस काहीतरी दाखविण्याची जी कला जुन्या कारभाऱ्यांना साधली होती, ती यांच्या हाताला उपजतच असते.

आमच्या गल्लीतील फडणीस महाविद्यालयात असताना आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत गुणलेखन करीत. बाराव्या गड्याचीही पाळी ज्यांच्यावर कधी आली नाही अशा या तरुणास एके दिवशी तंबूत बसल्या बसल्या असे आढळून आले की, मैदानावर बावीस जण घाम गाळून जे काही करतात, ते आपण वहीत मांडल्यावाचून घडले असे धरताच येत नाही. आणि हा साक्षात्कार पुढे नोकरी, विवाह, दोन मुलींची लग्ने व मोतीबिंदूची शस्त्रक्रिया इतक्या अवस्थांतून जाऊनही तिळमात्र ओसरला नाही. कॉलेजच्या संघाला आंतरविद्यापीठ स्पर्धेची वाट सापडावी म्हणून जी आकडेमोड त्या वेळी सुरू झाली, तीच पुढे राज्याच्या संघाच्या खाती वर्ग झाली, एवढाच काय तो फरक.

आता एवढी आशा करण्याचा अधिकार या गृहस्थास कोणी दिला, असे कोणी विचारील तर त्याचे उत्तर सनदेसह तयार असते. होळकर संस्थानाचा संघ 1941-42 ते 1954-55 या चौदा हंगामांत दहा वेळा अंतिम सामन्यात गेला आणि चार वेळा करंडक घेऊन आला; सी. के. नायडू त्याचे कर्णधार, मुश्ताक अली सलामीला, आणि चंदू सरवटे, हिरालाल गायकवाड, भाऊसाहेब निंबाळकर अशी मंडळी दिमतीला. 1945-46 च्या हंगामात म्हैसूरविरुद्ध इंदुरात याच संघाने 8 बाद 912 धावा केल्या आणि एका डावात सहा जणांनी शतके ठोकली; पन्नाशी ओलांडलेले कर्नल नायडू त्यांतील एक. ही हकीकत फडणीस सांगू लागले की ऐकणाऱ्यास असा भास होतो की, सातवे शतक केवळ यांना वेळेवर पॅड बांधता आले नाहीत म्हणून राहून गेले.

मात्र माझ्या पाहण्यात असे आले आहे की, जिंकलेल्या चार सामन्यांपेक्षा हरलेल्या सहांवर त्यांचा जीव अधिक जडलेला असतो. 1944-45 च्या अंतिम सामन्यात मुंबईने होळकरांपुढे विजयासाठी 867 धावांचे लक्ष्य ठेवले. युद्धकाळात लष्करी नोकरीनिमित्त हिंदुस्थानात आलेला डेनिस कॉम्प्टन त्या सामन्यात होळकरांकडून खेळला आणि 249 धावांवर नाबाद राहिला. शतकानंतरच्या प्रत्येक धावेमागे घसघशीत बिदागी कबूल करणारे एक शेटजी हिशेबाची वेळ आली तेव्हा कलकत्त्यास तातडीच्या कामासाठी निघून गेले होते, ही कथा तो पुढे मोठ्या चवीने सांगत असे. संघ 492 वर आटोपला आणि 374 धावांनी हरला. सामान्य मनुष्य यास दारुण पराभव म्हणेल, फडणीस म्हणतात, "दुसऱ्या बाजूला नुसते दोघे जण टिकून राहायला पाहिजे होते, बस्स." त्या 'बस्स'मध्ये 374 धावा कुठल्या कुठे विरून जातात.

आणि याउपर कोणी हसलाच, तर 1946 चा ओव्हलचा दाखला बाहेर निघतो. सरेविरुद्ध हिंदी संघाचा नववा गडी 205 वर पडला असता दहाव्या क्रमांकाचे सरवटे आणि अकरावे शुटे बॅनर्जी यांनी 249 धावांची भागीदारी केली. दोघांचीही शतके झाली आणि डाव 454 वर जाऊन थांबला. सरवटे आमच्या इंदूरचे, बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ म्हणून नावाजलेले. तेव्हा निराशेविरुद्ध यापेक्षा भरवशाचा साक्षीदार कोणत्या कोर्टात मिळणार, असा फडणिसांचा सवाल असतो.

पण हे सारे मंगलाचरण. खरे दफ्तर ती लांबट, लाल पुठ्ठ्याची खतावणी, जी एरवी किराण्याच्या दुकानात शोभली असती. तिच्यात मध्य प्रदेशाच्या धावा शाईने लिहिलेल्या असतात आणि गटातील इतर संघांच्या शिसपेन्सिलीने, न जाणो त्यांच्यात काही सुधारणा होईल! पानांच्या कडांवर जीरावणाचे पिवळट डाग आहेत, कारण सकाळचे पोहे आणि आदल्या दिवसाची बेरीज ही दोन्ही कामे एकाच वेळी उरकली जातात. आतून हाक येते, "अहो, पोहे थंड होऊन राहिलेत", यावर फडणीस मान वर न करता उत्तरतात, "पंजाबचे दोन गडी पडू दे, मग घेतो." पंजाबचे गडी पुष्कळदा जेवणाच्या वेळेपर्यंत पडत नाहीत.

स्पर्धेचे कलम समजून घेतल्याखेरीज या दफ्तराचा अर्थ लागणार नाही. निर्णायक विजयास 6 गुण. तोच डावाने अथवा दहा गडी राखून मिळाला तर एक अधिक. सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावाची आघाडी घेणाऱ्यास 3 आणि पिछाडीवर पडलेल्यास 1. अव्वल विभागात आठ-आठ संघांचे चार गट, प्रत्येक संघास सात सामने, आणि प्रत्येक गटातून दोघांनाच पुढची वाट. गुण समान झाले आणि इतर निकषांनीही तंटा मिटला नाही, तर क्वोशंट नावाचे प्रकरण उपस्थित होते: आपण केलेल्या धावांस गमावलेल्या गड्यांनी भागावे, दिलेल्या धावांस मिळविलेल्या गड्यांनी भागावे, आणि पहिल्या भागाकारास दुसऱ्याने पुन्हा एकवार भागावे. शाळेत ज्या त्रैराशिकाने फडणिसांना रडविले, त्याच्या या धाकट्या भावावर त्यांनी जो लोभ केला आहे, तो पाहून त्यांच्या गुरुजींच्या आत्म्यास निश्चित शांती लाभत असेल.

शिवाय 2024-25 पासून हंगामच दोन तुकड्यांत पाडला गेला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाच सामने झाले आणि उरलेले दोन जानेवारीच्या उत्तरार्धावर गेले. खेळाडूंना ही व्यवस्था कशी मानवली कोण जाणे. फडणिसांना मात्र ती वरदानच ठरली, कारण दोन महिन्यांहून अधिक काळ आशा बरणीतल्या मुरांब्यासारखी मुरत ठेवता आली. मधल्या काळात वीस षटकांच्या, म्हणजे मुश्ताक अलींच्याच नावाच्या, करंडकाचा अंतिम सामना मध्य प्रदेशाचा संघ मुंबईशी खेळला, इंदूरच्याच रजत पाटीदारने नाबाद 81 धावा केल्या, सामना हरला, आणि गल्ली हळहळली. फडणीस निर्विकार. तो सगळा हिशेब म्हणे यंत्र करते.

त्या वर्षी गटात कर्नाटक, बंगाल, उत्तर प्रदेश, पंजाब, हरियाणा, केरळ आणि बिहार अशी मंडळी होती. शेवटच्या फेरीच्या आदल्या संध्याकाळी ओट्यावर फडणिसांनी आपली तजवीज जाहीर केली. "कर्नाटकानं हरियाणाला मारावं, पण डावानं मारू नये. केरळला बिहारनं रोखून धरावं."

"काका, बिहार?" अभियांत्रिकीला असलेला शेजारचा मुलगा म्हणाला.

"का, बिहारमध्ये धुकं पडत नाही का?"

"सामना तिरुवनंतपुरमला आहे."

फडणीस क्षणभर थबकले. मग त्यांनी रबराने काहीतरी खोडले, पेन्सिलीचे टोक जिभेला लावले आणि म्हणाले, "मग समुद्रावरून पाऊस येऊ शकतो."

या अवस्थेत मनुष्याच्या नीतिकल्पनांत जे फेरफार होतात, ते चिंतनीय आहेत. एरवी मुंगीस साखर घालणारा हा गृहस्थ परप्रांतीच्या सलामीवीराचा अंगठा दुखावल्याचे वर्तमान समाधानाने वाचतो. ज्या कर्नाटकास गेल्या आठवड्यात शिव्याशाप दिले, त्याच्याच यशासाठी खजराना गणेशास नारळ बोलतो. आणि हे सर्व निष्काम बुद्धीने, कारण मध्य प्रदेशाने स्वतः काय करावे याबद्दल त्याच्या यादीत शेवटी एकच त्रोटक ओळ असते: 'आपण जिंकणे.' ती ओळ त्यास सर्वांत कमी रंजक वाटते, असा माझा संशय आहे. पुढे हरियाणा आणि केरळ गटातून वर गेले. केरळने उपान्त्यपूर्व सामन्यात जम्मू-काश्मीरवर पहिल्या डावात अवघ्या एका धावेची आघाडी घेतली, उपान्त्य सामन्यात गुजरातवर दोन धावांची, आणि गुजरातचा शेवटचा फटका जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या शिरस्त्राणावर आपटून स्लिपमध्ये झेलला गेला तेव्हा कुठे ती दुसरी आघाडी पदरात पडली. फडणिसांनी हे वृत्त ज्या तृप्तीने वाचून दाखविले, तीवरून आपलाच संघ जिंकला की काय अशी घरच्यांची समजूत झाली. एक आणि दोन! असले आकडे शत्रूचे असले तरी पूज्यच.

या माणसाच्या उरात एक जखम आहे, तिचा उल्लेख ओझरताच करतो, कारण तेही तो ओझरताच करतात. 1998-99 च्या अंतिम सामन्यात बेंगळूरला मध्य प्रदेशाने कर्नाटकावर पहिल्या डावात 75 धावांची आघाडी घेतली होती. शेवटचा दिवस नुसता काढावयाचा होता. तो निघाला नाही. कर्णधार चंद्रकांत पंडित. तेच पंडित प्रशिक्षक होऊन त्याच मैदानावर परतले आणि 26 जून 2022 रोजी मुंबईस सहा गड्यांनी नमवून मध्य प्रदेशाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. यश दुबे, शुभम शर्मा आणि पाटीदार या तिघांची शतके. आणि भर मैदानात डोळे पुसणारे पंडित साऱ्या देशाने पाहिले.

त्या रात्री इंदूर राजवाड्यासमोर लोटणार हे ठरलेलेच. आम्ही फडणिसांना बोलावण्यास गेलो, तर ते मार्च महिन्याचे पान उघडून बसलेले. त्या हंगामात गटातून एकच संघ पुढे जाणार होता. मध्य प्रदेश आणि केरळ दोघांचे 13 गुण, आणि राजकोटला शेवटची लढत परस्परांतच. मध्य प्रदेशाने 9 बाद 585 वर डाव घोषित केला, त्यात यश दुबेच्या 289. केरळ 9 बाद 432 वर पोहोचले आणि मुदत संपली. पहिला डावच पुरा झाला नाही, म्हणून आघाडी कोणाचीच नाही. दोघांना एकेक गुण, दोघे 14 वर, आणि क्वोशंटने मध्य प्रदेश वर. फडणिसांच्या मते रणजी करंडक त्या दिवशीच, 6 मार्चला, राजकोटला जिंकला गेला; बेंगळूरला केवळ तो आणावयास मंडळी गेली. सबंध शहरात हे त्यांच्याशिवाय कोणास ठाऊक नव्हते, आणि माझ्या मते त्यांच्या आनंदातला निम्मा वाटा याच गोष्टीचा होता.

"चला की राजवाड्यावर," मी म्हटले.

"येतो. पण मला एक सांगा, आता कुणाचा निकाल बघायचा?" त्यांच्या स्वरात, मुलीची पाठवणी झाल्यावर मांडवात उरलेल्या बापाची पोकळी स्पष्ट होती.

यात विसंगती वाटेल, पण नाही. बाद फेरी गाठण्यासाठी हिवाळाभर जिवाचे रान करणारा हा मनुष्य बाद फेरी आली की बेकार होतो. तेथे जो हरला तो घरी जातो, दुसऱ्याच्या सामन्यावर आपले काही टांगलेले नसते, आणि खतावणी मिटून ठेवावी लागते. मात्र अनुभवी फडणीस तेथेही बाकी शोधून काढतो. फेब्रुवारी 2024 मध्ये मध्य प्रदेश आणि आंध्र यांचा उपान्त्यपूर्व सामना आमच्याच होळकर स्टेडियमवर झाला. शेवटच्या सकाळी आम्ही गेलो. आंध्रला 170 हव्या होत्या. धावा एकेरीने येत होत्या, गडीही तसेच पडत होते, आणि अखेरीस एक गडी व जेमतेम पाच धावा उरल्या, तेव्हा माझ्या शेजारचा एक वयस्क प्रेक्षक देवाचे नाव घेत बाकाखाली पाहू लागला. फडणीसही खाली पाहत होते, पण मांडीवरच्या भ्रमणध्वनीत. नागपूरला विदर्भ आणि कर्नाटक यांचा सामना चालू होता आणि त्यातला विजेता उपान्त्य फेरीत आमच्या वाट्यास येणार होता.

एकाएकी गर्जना झाली. आंध्र 165 सर्वबाद; चार धावांनी विजय. मैदानावर खेळाडू एकमेकांच्या अंगावर पडले, मागच्या रांगेतल्या पोरांनी टोप्या उडविल्या, आणि अभियांत्रिकीच्या त्या मुलाने फडणिसांचे दोन्ही खांदे धरून त्यांना गदागदा हलविले.

"काका, जिंकून गेलो ना आपण!"

"हो, हो, ते ठीक," फडणीस चष्मा सावरीत म्हणाले, "पण कर्नाटकाचे किती राहिलेत ते बघ जरा. माझं नेट अडकून राहिलंय."