दिवाळखोरीचा वकील गाठण्याची रीत

पहिला नियम असा की 'दिवाळखोरीचे तज्ज्ञ वकील' अशी पाटी अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या कोर्टाबाहेर हुडकत फिरू नये. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही आणि आपण अमुक कामातले तज्ज्ञ आहोत असे पाटीवर लिहिताही येत नाही. म्हणजे विजेच्या खांबावरून 'कर्जमुक्तीची हमी' देणारा इसम वकील नसतो, आणि असलाच तर नियम मोडून दुकान मांडलेला असतो. उरतो 'ओळखीचा' वकील. वऱ्हाडात तो प्रत्येकाला असतो, बहुधा साळ्याच्या ओळखीचा, आणि बहुधा धुऱ्याच्या भांडणांवर जगणारा. त्याला हसू नये. २०१६ ची नवी दिवाळखोरी संहिता अजून साध्या कर्जदारापर्यंत पोचलेली नाही. त्याची नादारी आजही १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याने जिल्हा न्यायालयातच चालते. दिवाणी कामात मुरलेला माणूस त्याला पुरतो. कर्ज किमान पाचशे रुपये असावे, अशी त्या कायद्याची एक अट आहे. एवढी लायकी कोणाचीही निघेल.

वकील पाटीवरून नव्हे, त्याच्या प्रश्नांवरून ओळखावा. कागद न पाहता 'होऊन जाईल भाऊ' म्हणणाऱ्यासमोरून चहा संपवून उठावे. खरा वकील आधी विचारतो, कर्ज कोणाचे? कारण प्रत्येक कर्जाचे दार वेगळे. सावकार बिनपरवाना असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार होते. परवाना असला तरी मुद्दलापेक्षा जास्त व्याज त्याला वसूल करता येत नाही. बँकेने सरफेसी कायद्याखाली घराचा ताबा मागितला तर गाठ नागपूरच्या कर्ज वसुली न्यायाधिकरणाशी. शेतजमिनीला मात्र तो कायदा लागत नाही. हे सगळे तपासून 'तुम्हाला नादारीची गरजच नाही' असे जो सांगेल, त्याला सोडू नये.

यावर पानठेल्यावरचे कायदेपंडित म्हणतील, कर्जमाफी येणारच आहे, वकील काऊन पाहिजे? २०१७ ची आणि २०१९ ची माफी बँका-सोसायट्यांच्या शेतीकर्जाला होती. मोटारसायकलचा हप्ता तिच्यात बसत नव्हता. दुसरा आक्षेप अब्रूचा. निजामाने फौजेचे पैसे थकवले म्हणून १८५३ साली अख्खा वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. जिथे प्रांतच कर्जापायी गेला, तिथल्या माणसाने एका नोटिशीसाठी तोंड लपवावे, हे जरा जास्तच झाले. तिसरी भीती, घरातली भांडी उचलून नेतील. नेत नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, शेतकऱ्याची अवजारे आणि धर्मरीतीने बाईला उतरवता न येणारे दागिने जप्तीतून वगळले आहेत. आता फीचे. कर्ज फिटत नाही म्हणून आलेल्या माणसाकडे फी मागणे हा वकिली धंद्यातला जुनाच विनोद आहे. पण जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट वकील देते, आणि महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

नोटिसा फोडून न्याव्यात. देवाच्या फोटोमागे ठेवलेल्या बंद लिफाफ्याची मुदतही चालूच असते, आणि तो वकिलाने फोडावा ही अपेक्षा म्हणजे निव्वळ आळस. नादार ठरल्यावर लगेच पेढे वाटू नयेत. कोर्टाने दिलेल्या मुदतीत मुक्ततेचा अर्ज केला नाही, तर नादारीच रद्द होऊ शकते आणि सगळे धनको पुन्हा दारात. ती तारीख कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, ठळक लिहावी.