सहा फुटी पक्षी आणि सहाशे एमएमची लेन्स

महाराष्ट्र एक्स्प्रेस कोल्हापूरहून निघते आणि राज्य संपेपर्यंत दम घेत नाही. बाकी वाटेत दिसेल त्या स्टेशनवर थांबते. तेराशेहून जास्त किलोमीटरनंतर गोंदियाला उतरलो तेव्हा मी पार चुरगळलो होतो. भावोजींची सहाशे एमएमची लेन्स तेवढी टवटवीत. खालचा बर्थ तिला होता.

पहिला मान नागझिऱ्याचा. हे अभयारण्य १९७०चं; २०१३मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. डिसेंबरच्या पहाटे उघड्या जिप्सीत कानटोप्या, मफलर आणि ब्लँकेटं बसली होती. आत माणसं असावीत. समोरून येणारी प्रत्येक जिप्सी एकच विचारायची, "दिसला का?" रस्त्यात जवळपास टनभराचा गवा उभा होता. रानकुत्र्यांची टोळी आडवी गेली. पण हे कुणी हिशेबात धरत नाही. इथला प्रसिद्ध 'जय' वाघ २०१३मध्ये पार उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात निघून गेला. बहुधा हाच प्रश्न ऐकून कंटाळला असावा.

वाघानं दर्शन न दिल्यामुळे भावोजी पक्ष्यांकडे वळले. गोंदिया म्हणजे तळ्यांचा मुलूख. कोहळी समाजानं बांधलेले जुने तलाव आजही धानाला पाणी देतात आणि हिवाळ्यात पाहुण्यांना जागा. परसवाड्याच्या तळ्यावर गेलो तर धुकं इतकं, की भावोजींच्या पहिल्या शंभर फोटोंत निव्वळ पांढरा रंग आला. धुकं विरलं तेव्हा त्यांनी मला पट्टकादंबाची महती ऐकवली : हा पक्षी मध्य आशियातून हिमालय ओलांडून भारतात येतो. तेही रिझर्वेशनशिवाय.

खरा बेत मात्र सारसाचा होता. उभा राहिला की जवळपास सहा फूट, उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच. आणि महाराष्ट्रात त्याचा मुख्य आसरा हाच जिल्हा. पावसाळ्यात तो धानाच्या बांधीतच घरटं करतो, म्हणजे त्याचा संसार शेतकऱ्याच्या मर्जीवर चालतो. सेवा संस्थेची मंडळी गावोगाव फिरून ही मर्जी सांभाळतात.

कापणी झालेल्या एका बांधीत जोडी दिसली. लाल डोकी, राखी अंग, चाल एखाद्या निवृत्त मामलेदाराची. भावोजींनी पानाफुलांचा छाप असलेला अंगरखा चढवला, तोंडाला चिखल फासला आणि धुऱ्याआडून कोपरांवर सरपटू लागले. मला श्वासही हळू घ्यायची ताकीद होती. एवढ्यात पलीकडच्या धुऱ्यावरून एक शेतकरी सायकल खडखडवत, मोबाइलवर मोठ्यानं बोलत गेला. सारसांनी मानही वळवली नाही.

भावोजी आणखी दहा हात सरकले. दोन्ही माना ताठ झाल्या, तुतारीसारखा आवाज घुमला आणि जोडी वैनगंगेच्या दिशेनं उडाली. फोटोत एक पाय आला.

शेतकरी सायकल टेकवून जवळ आला. चिखलातल्या भावोजींना हात देत म्हणाला, "भाऊ, सरळ चालत आले असते तं नसते उडाले जी. माणसाले नाही भेत ते. असं सरपटत कोण येऊन राहिलं, म्हणून भेले."