सगळ्यांनी साधंच घाला

बाबांच्या पंच्याहत्तरीला स्टुडिओत जाऊन सगळ्यांचा एक नीट फोटो काढावा, असं ताईने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं आणि खाली जोडलं, "कपड्यांचं फार काही नको. सगळ्यांनी साधंच घाला." मराठी घरात यापेक्षा घोळाचा आदेश निघत नाही. ताईचं साधं म्हणजे बिनजरीची, पण कोरी साडी. आईचं साधं म्हणजे पैठणी, फक्त नथ नाही. दाजींचं साधं म्हणजे अंगावर असेल ते.

खरं तर आपण स्वतः काय घालायचं हे जो तो दोन मिनिटांत ठरवून मोकळा होतो. दिवस जातात ते दुसऱ्यांनी काय घालावं हे ठरवण्यात.

फोटोग्राफर तरुण आणि नम्र होता. त्याने आधीच एक तक्ता पाठवला: शेवाळी, बदामी आणि फिकट गुलाबी, या तीनच रंगांत बसवा. आई तक्त्याकडे बराच वेळ बघत राहिली. "पैसे मोजून फोटो काढायचा, तो धुवून धुवून विटलेल्या रंगांत?" राणी, मोरपंखी, चिंतामणी, आमसुली या रंगांत जिचा जन्म गेला, तिच्या लेखी बदामी हा भिंतीला द्यायचा रंग.

फोटोग्राफरचीही बाजू होती. भडक पोपटी साडीवरचा उजेड उसळून हनुवटीवर पडतो आणि गोऱ्या माणसालाही हिरवट झाक येते. बारीक चौकडी तर नकोच नको. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर ठिपक्यांची स्वतःची जाळी असते. तिच्यावर कापडाची जाळी बसली की शर्टावर नसलेल्या लाटा उठतात. हे मी बाबांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे कपाट उघडून दाखवलं. आत वरपासून खालपर्यंत बारीक चौकडी होती. प्लेन शर्ट वेटरचा आणि रेघांचा कैद्याचा, हे बाबांचं मत नोकरीला लागल्यापासून ठाम आहे. मग सभ्य माणसाला उरतं काय?

वहिनीने नवरात्राचा दाखला दिला. वर्तमानपत्रात रंग छापून येतो आणि दुसऱ्या दिवशी लोकलचा अख्खा लेडीज डबा त्याच रंगात अवतरतो. एकीची दुसरीशी ओळख नसते, तरी तक्रार नाही. आणि एका आडनावाच्या माणसांना एक रंग जमू नये? मला वाटतं, ओळख नसते म्हणूनच जमत असावं. आत्याने तेवढ्यात "मला निळा चालेल" असं कळवलं. निळा कुणी विचारलाच नव्हता.

पुतण्या सोळा वर्षांचा. तो काळ्याशिवाय काही घालत नाही. "पंच्याहत्तरीला काळं?" आई कडाडली. "काळं फक्त संक्रांतीला!" त्यावर त्याने माजघरातल्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे शंभर वर्षांहून जुना फोटो आहे. मागे रंगवलेला जिना, हात टेकायला उंच टेबल, त्यावर एक जाडजूड पुस्तक आणि शेजारी लिहिता-वाचता न येणारी आमची पणजी, काळ्याभोर लुगड्यात. घरात ते लुगडं चंद्रकळा म्हणूनच प्रसिद्ध आहे. फोटो संक्रांतीचा आहे हेही त्यावरूनच ठरलं.

इथे मी मध्ये पडलो. त्या काळच्या बहुतेक काचेच्या प्लेटांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. कुंकू काळं उमटायचं आणि लालभडक लुगडं अमावस्येसारखं. उलट निळं मात्र फिकट, पांढुरकं यायचं. तेव्हा पणजी लालच नेसली असण्याचा संभव दांडगा. आई जिंकल्यासारखी हसली. पुतण्या म्हणाला, "म्हणजे पुरावा नाही." पोरगा वकिलीत नाव काढणार.

त्या काळीही कपड्यांवरून वाद होत असणारच. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली, म्हणजे वादाला जुनी परंपरा आहे. राजा दीनदयाळ यांनी तर १८९२ साली हैदराबादेत बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला. कारण अर्थातच पडद्याचं होतं. पण दाराशी उभं राहून "झालं का? अजून किती?" विचारणारा नवरा आत नाही, ही सोय केवढी मोठी!

शेवटी ठरलं काहीच नाही आणि ठरलेल्या दिवशी सगळे हजर झाले. आई पैठणीत, बाबा चौकडीत, आत्या निळ्यात. पुतण्याने काळ्या टीशर्टवर बदामी जाकीट चढवलं होतं, त्यामुळे दोन्ही पक्षांचा विजय झाला. फोटोग्राफरने आईला मध्यभागी बसवलं, धाकटी नात तिच्या मांडीवर दिली, थोरली पुढ्यात उभी केली. पैठणीचा मोर त्या दोघींमागे पार अंतर्धान पावला. एकत्र फोटोत माणसाच्या वाट्याला गळ्यापासून छातीपर्यंतची वीतभर जागा येते, हे एवढ्या चर्चेत कुणालाच सुचलं नव्हतं.

दाजींना सुचलं होतं. २०२० सालापासूनच्या ऑनलाइन मीटिंगांत त्यांनी ही विद्या चांगलीच कमावली आहे. वर बंद गळ्याचा कोट, खिशात रुमाल आणि खाली घरातली बर्म्युडा, अशा थाटात ते गाडीतून उतरले, भिंतीच्या कडेने आत आले आणि मागच्या रांगेत खुर्च्यांआड उभे राहिले. दिवे लागले. सगळे हनुवट्या वर करून स्थिर झाले. तेवढ्यात आईच्या लक्षात आलं.

"अगं बाई, जावई मागे? लोक काय म्हणतील! पुढे या, पुढे या, ह्यांच्या शेजारी बसा."

फोटोग्राफरने लगबगीने खुर्ची आणून ठेवली.

"नको नको," दाजी जागचे न हलता म्हणाले, "मी उंच आहे, मागेच बरा."

दाजींची उंची पाच फूट तीन इंच आहे.