ज्वालामुखीवर हुडहुडी

"ज्वालामुखी बघायला जाताना स्वेटर कशाला? तिथे दगड वितळतात, दगड!" असं म्हणून मी बायकोने बॅगेत भरलेले दोन्ही स्वेटर बाहेर काढले आणि त्या जागेत चकल्यांचा डबा बसवला. ती काही बोलली नाही. तिचं हे न बोलणं मला एव्हाना कळायला हवं होतं.

हवाई बेटावरच्या हिलो गावातून लेकीने गाडी काढली. पाऊण तासात आम्ही ज्वालामुखींच्या राष्ट्रीय उद्यानात. रस्ता सारखा चढतोय हे मला दिसत होतं, त्याचा अर्थ मात्र दारात उतरल्यावर कळला. तिथल्या किलाउएया ज्वालामुखीचा माथा 4,000 फुटांवर आहे, म्हणजे महाबळेश्वराहून जेमतेम खाली! धुकं, बारीक पाऊस, बोचरा वारा. आणि मी अर्ध्या चड्डीत, फुलाफुलांच्या शर्टात. पायात हवाई चप्पल. तेवढी एक वस्तू तिच्या मुलखात पोचली होती.

हालेमाउमाउ हे तिथलं मुख्य विवर, अग्निदेवता पेलेचं घर. डिसेंबर 2024पासून तिथे लाव्हाची कारंजी उडू लागली. पण त्यांची तऱ्हा अशी, की काही तास उडायचं आणि मग कित्येक दिवस गप्प बसायचं. आम्ही गप्प दिवसांत पोचलो. कठड्यावरून काळंकरडं विवर दिसलं आणि विझत आलेल्या बंबासारखा थोडा धूर. एवढ्यात सांगलीहून मेहुण्याचा मेसेज: "गेल्या वेळचं कारंजं मी इथे लाइव्ह पाहिलं, झकास! तुमचं काय?"

थंडीने दात वाजू लागले तेव्हा लेकीने वाफेच्या भेगांपाशी नेलं. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं, तापलेल्या खडकाला लागतं आणि वाफ होऊन वर येतं. मी कठड्याला असा बिलगलो, की पुढून उकडीचा मोदक आणि मागून कुल्फी. चष्म्यावर मिट्ट वाफ. शेजारी बायकोची ओढणी हाताला लागली, ती ओढून चष्मा पुसला. पुसला जाईना. प्लास्टिकची लागत होती. चष्मा काढून पाहतो तर माझ्या हातात एका गोऱ्या आजींच्या रेनकोटाचं टोक. आजी हसल्या. बायको चार पावलांवर उभी राहून दुसरीकडे बघत होती. शर्ट आता वाफेने ओला झाला होता, त्यामुळे थंडी दुप्पट.

निदान आठवण म्हणून एक काळा दगड खिशात टाकला. तिथला दगड नेणं बेकायदा आहे. शिवाय नेला तर पेलेचा कोप होतो म्हणतात, त्या धास्तीने लोक नेलेले दगड पोस्टाने परत पाठवतात.

"ठेव तो खाली," बायको म्हणाली. "सिंहगडावर काय कमी आहेत?"

तेही खरंच. आपला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचाच. दगड ठेवला.

शेवटी दुकानातून जाड स्वेटशर्ट घेतला. छातीवर लालभडक कारंजं छापलंय. मी तिथे पाहिलेला लाव्हा तेवढाच. तुम्ही जाणार असाल तर स्वेटर घरूनच न्या, तिथला फार महाग पडतो.