खुळ्या हट्टाचं कौतुक

माणसांच्या खुळांची यादी मोठी आहे. त्यातल्या एका खुळाचं मला मनापासून कौतुक आहे. जुनी गाडी घ्यावी, विम्याच्या दप्तरी तिच्यावर चुकून ‘टोटल लॉस’चा शेरा पडलाय असं कळावं, आणि ती गुपचूप दुसऱ्याच्या गळ्यात मारायची सोडून माणसानं तो शेरा पुसून घ्यायला निघावं, हे ते खूळ. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत त्याला कुणी शहाणा म्हणणार नाही. घरचेही म्हणणार नाहीत. पण नोंद लोखंडाशी जुळलीच पाहिजे असा हट्ट धरणारी चार माणसं आहेत, म्हणूनच जुन्या गाडीचे कागद वाचण्यात अजून अर्थ उरला आहे.

समजा, भोसरी एमआयडीसीत सीएनसी चालवणाऱ्या एकानं सहा वर्षं वापरलेली गाडी घेतली. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५ लागला, आरसीवर त्याचं नाव चढलं. गाडी रोज चाकणच्या ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास उभी राहते आणि पावसाळ्यातही पहिल्या चावीला सुरू होते. वर्षानं तो विमा दुसऱ्या कंपनीकडे न्यायला जातो, तर उत्तर येतं की ही गाडी केव्हाच संपलेली आहे.

हा शेरा लागतो कसा, ते समजलं की चुकीला जागा कुठे आहे तेही कळतं. पॉलिसीवर आयडीव्ही नावाची रक्कम असते. गाडी पूर्ण गेली तर कंपनी जास्तीत जास्त तेवढे पैसे देते. गाडी ओढून आणण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च मिळून आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की टोटल लॉस. पहिल्या सहा महिन्यांत आयडीव्हीवर घसारा ५ टक्के धरतात, पाचव्या वर्षात ५० टक्के. त्यामुळे नवी असताना जी धडक खाऊन गाडी गॅरेजातून परत आली असती, तीच धडक पाच वर्षांच्या गाडीला कागदावर संपवते. मालकाला पैसे मिळतात, सांगाडा सॅल्व्हेज म्हणून विकला जातो.

इथवर सगळं रास्त आहे. घोळ होतो तो नंबर चढवताना. चेसिस नंबर १७ अक्षरांचा. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू मुद्दाम वापरत नाहीत, कारण ती अक्षरं एक आणि शून्यासारखी दिसतात. नंबराची पद्धत ठरवणाऱ्यांनी टाइप करणाऱ्याच्या डोळ्यांची एवढी काळजी घेतली, तरी आठ आणि बी, पाच आणि एस राहिलेच. अंधुक फोटोवरून त्यातलं एक अक्षर चुकलं, किंवा एमएच-१४ च्या पुढच्या सिरीजमधलं चुकलं, की चेपलेली गाडी एकीकडे आणि शेरा दुसरीकडे. कधी टोटल लॉस म्हणून उघडलेला क्लेम पुढे साध्या दुरुस्तीवर मिटतो आणि पहिली नोंद तशीच पडून राहते.

आता शहाण्यांचा सल्ला ऐका. एजंट म्हणतो, “साहेब, कशाला लफड्यात पडता? लांबच्या जिल्ह्यातलं गिऱ्हाईक बघून देतो.” मेहुणा म्हणतो, “दाजी, द्या की ढकलून. गाडी पळतीय तोवर ऱ्हातीय.” दोघंही त्याच्या भल्याचंच सांगतात. गाडीची किंमत आणि बुडणाऱ्या रजांचा पगार यांचा हिशोब मांडला तर त्यांचं गणितही बरोबर आहे. त्या गणितात फक्त पुढचं गिऱ्हाईक धरलेलं नसतं. आपल्या या माणसाचं खूळ इथूनच सुरू होतं, कारण तो त्यालाही धरतो.

पहिली गोष्ट तो करतो ती म्हणजे गाडीकडे जातो. बऱ्याच गाड्यांत पुढच्या सीटखालचं मॅटिंग उचललं की पत्र्यात ठोकलेला नंबर सापडतो. तो रॉकेलच्या फडक्यानं धूळ आणि ग्रीस पुसतो, त्यावर पातळ कागद ठेवून दोन्ही बाजूंनी सेलोटेप लावतो आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं घासत जातो. एकेक अक्षर काळ्यातून पांढरं वर येतं. नंबर खोडून पुन्हा ठोकला असेल तर इथेच दिसतं: अक्षरांमधलं अंतर कमीजास्त होतं, ग्राइंडरचे ओरखडे कागदावर उमटतात, वेल्डिंगची कड हाताला लागते. आरटीओच्या कामात हा पेन्सिल प्रिंट वर्षानुवर्षं घेतला जातो. गाडीनं स्वतःबद्दल दिलेला तेवढा एकच पुरावा असा आहे, जो कुणाच्या टायपिंगवर अवलंबून नाही.

मग तो कंपनीला लेखी विचारतो: तुम्ही सर्व्हे केला तो कोणत्या गाडीचा? सर्व्हेअरच्या रिपोर्टमधला चेसिस नंबर आणि फोटो काढून बघा, आणि हा प्रिंट शेजारी ठेवा. प्रश्न सरळ आहे, पण तो विचारायला त्याला दारच नसतं. चूक झाली ती आधीच्या मालकाच्या काळात, कदाचित कुणा तिसऱ्याच्याच क्लेममध्ये. त्या कंपनीचा हा ग्राहकच नव्हे. पुण्यात विमा लोकपालांचं कार्यालय आहे आणि तिथे फी लागत नाही. पण आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग उत्तरासाठी महिनाभर वाट, आणि तक्रार करणाऱ्याचं त्या पॉलिसीशी नातं हवं. ज्याचं नुकसान होतंय त्याचं नातं गाडीशी आहे, पॉलिसीशी नाही. म्हणून तो आधीच्या मालकाचा पत्ता काढतो, त्याच्या घरी जाऊन बसतो आणि “आता माझा काय संबंध?” असं म्हणणाऱ्याला समजावून त्याच्या सहीचं पत्र घेतो. असे खेटे घालायला खुळाच माणूस लागतो.

तिसरा मुक्काम मोशीचं आरटीओ. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५५ प्रमाणे गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकानं १४ दिवसांत, किंवा जमेल तितक्या लवकर, तसं कळवायचं असतं आणि मग नोंदणी रद्द होते. अशा आदेशावर कलम ५७ खाली ३० दिवसांत अपील करता येतं. आपल्या माणसाच्या गाडीची नोंदणी कुणी रद्द केलेलीच नाही. म्हणजे सरकारच्या ‘वाहन’ या नोंदणीच्या दप्तरात गाडी जिवंत आणि विम्याच्या दप्तरात मेलेली. सरकारी ॲपवर आरसीची स्थिती दिसते, विम्याची मुदत दिसते. क्लेमचा इतिहास दिसत नाही. त्यामुळे घेताना कितीही चौकस राहिला असता तरी त्याला हे कळलं नसतं.

कागदावर मेलेल्यांनी जिवंतपण सिद्ध करायची वेळ या देशात माणसांवरही आलेली आहे. उत्तर प्रदेशात आझमगढचे लाल बिहारी १९७६ साली महसुली दप्तरात मृत झाले. ती नोंद १९९४ मध्ये दुरुस्त झाली. मधल्या काळात त्यांनी नावापुढे ‘मृतक’ लावलं, आपल्यासारख्यांचा मृतक संघ काढला, १९८९ मध्ये राजीव गांधींच्या विरोधात निवडणुकीला उभे राहिले. जगानं त्यांना २००३ चं इग नोबेल दिलं, म्हणजे हसत हसत दाद दिली. पण त्यांच्या खुळामुळे तशाच नोंदींत अडकलेल्या इतरांना वाट सापडली. गाडीचं दुःख माणसाच्या मानानं फारच लहान, पण दुखणं एकाच जातीचं: ज्यानं नोंद केली तो निघून जातो आणि ती खोटी ठरवायचं ओझं ज्याच्यावर पडली त्याच्या डोक्यावर येतं.

आपल्या पट्ट्यानं तरी या खुळाला नाक मुरडू नये. टेल्कोपासून बजाजपर्यंत आणि पुढे चाकणच्या महिंद्रा, फोक्सवॅगनपर्यंत इथली घरं मोजमापावर जगली आहेत. शॉपमध्ये चांगल्या जॉबला चुकून रिजेक्शनचा लाल टॅग लागला, तर तो जॉब हळूच दुसऱ्या पेटीत सरकवणाऱ्याला कुणी हुशार म्हणत नाही. जॉब पुन्हा गेजला लावतात, टॅग का लागला याचा पाच वेळा ‘का’ विचारून छडा लावतात, आणि कारण लिहून सही झाल्यावरच टॅग काढतात. दिवसा हे काम चोख करणाऱ्या माणसाला संध्याकाळी “सोड ना, कशाला डोकं लावतोस” म्हणणं बरोबर नाही. तो तेच काम करतोय, फक्त शिफ्ट संपल्यावर आणि पगाराशिवाय.

आणि या खुळाची गरज भावनेपुरती नाही. टोटल लॉस झालेल्या गाडीचे कागद घ्यायचे, तिचा चेसिस नंबरचा तुकडा कापून तशाच मॉडेलच्या चोरीच्या गाडीला वेल्ड करायचा आणि ती राजरोस विकायची, ही या धंद्यातली जुनी चोरी आहे. पुरात बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून बाजारात येतात ते वेगळंच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २५ जुलै २०२४ ला आपल्याकडेही नद्यांचं पाणी वस्त्यांत शिरलं. अशा गाड्यांपासून घेणाऱ्याला वाचवणारा मोठा आधार म्हणजे हाच टोटल लॉसचा शेरा. तो खोट्या जागी पडून राहिला आणि लोकांना “अशा नोंदी चुकीच्याच असतात” असं वाटू लागलं, की खऱ्या शेऱ्याचाही धाक जातो. शेरा लपवून गाडी ढकलणारा प्रत्येक शहाणा हा धाक थोडा थोडा खरवडून काढतो. शेरा दुरुस्त करून घेणारा तो परत मिळवून देतो, आणि त्याचा फायदा ज्याला होतो त्याला याचं नावही माहीत नसतं.

या खुळ्यांना एवढं वणवण फिरावं लागू नये यासाठी फार मोठं काही करायला नको. टोटल लॉसचा शेरा मारण्याआधी फाइलला त्या गाडीचा पेन्सिल प्रिंट जोडावा आणि नंबर त्याच्याशी ताडून बघावा. शेरा मारला की आरसीवर ज्याचं नाव आहे त्याला त्याच आठवड्यात कळवावं. आणि आरसीवर नाव असणं हेच दुरुस्ती मागण्यासाठी पुरेसं मानावं, मग त्याची पॉलिसी कुठल्याही कंपनीची असो. हे होईपर्यंत कुणी फाइल घेऊन काउंटरवर आला, तर त्याला दुसऱ्या खिडकीकडे टोलवू नका. त्याच्या हातातला कागद घ्या आणि सतराची सतरा अक्षरं स्क्रीनवरच्या नंबराशी एकेक करून ताडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते मागण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे.